उल्का, देवयानी आणि डेबी

विमानातल्या जेवणाला नावं ठेवणं हा आपल्या लोकांचा आवडता उद्योग आहे. मुंबईहून हीथ्रोला उतरलेला पाहुणा बॅगा यायच्या आधीच सुरू होतो. पाव कडक होता, भात मोकळा नव्हता, कोशिंबीर तर बर्फासारखी गार. कोशिंबीर गार का असते हे त्याने कधी देवयानी लेलेला विचारलं असतं तर त्याची बोलती बंद झाली असती. विमानतळाच्या कुंपणाजवळ, हाउन्सलोच्या कडेला, कारखान्याएवढं एक स्वयंपाकघर होतं. त्यातल्या थंड खोलीत देवयानी दोन स्वेटर, त्यावर पांढरा कोट आणि केसांवर जाळी अशा अवतारात उभी राहून ट्रे लावत असे. डावीकडे पाव, उजवीकडे लोणी, मध्ये कोशिंबीर, कोपऱ्यात काटाचमचा, आणि ट्रे पुढे. सरकता पट्टा कधी थांबत नसे आणि खोलीतली थंडी कधी हलत नसे. हिवाळ्यात तिच्या बोटांची पेरं सुजून लाल होत, आणि घरी आल्यावर पोळ्या करताना तिला लाटणं धरवत नसे.

देवयानी संख्याशास्त्रातली बी.एस्सी. होती, तीही पहिल्या वर्गात. मग ती ट्रे का लावत होती? त्याचं उत्तर तिच्या लग्नात आहे.

माहेरी, साताऱ्याला, ती उल्का दिनकर साठे होती. लग्न ठरलं तेव्हा पुण्याच्या सासूबाई म्हणाल्या, "उल्का म्हणजे पडणारा तारा. पडणारं काही आमच्या घरात नको." त्यामुळे लग्नानंतर तांदळाच्या ताटात गिरीशने सोन्याच्या अंगठीने 'देवयानी' असं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले, आणि उल्का संपली. नाव गेलं, वडलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनावही गेलं. जगातल्या बऱ्याच बायका लग्नात आडनाव बदलतात. तिन्हीच्या तिन्ही शब्द बदलून नवीकोरी बाई तयार करण्याचा पराक्रम मात्र आपलाच. उल्काला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. पण नव्या नवरीने ताटातल्या तांदळांकडे बघून रडायचं नसतं, म्हणून ती हसली होती.

गिरीश फिजिओथेरपिस्ट. दोन हजार एक साली त्याला लंडनच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि दोघं हाउन्सलोला आली. देवयानीने या स्वयंपाकघराच्या ऑफिसात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. तिथल्या बाईने तिचं डिग्रीचं सर्टिफिकेट एका हातात धरलं, पासपोर्ट दुसऱ्या हातात, आणि दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं. सर्टिफिकेट उल्का दिनकर साठे या बाईचं, पासपोर्ट देवयानी गिरीश लेले या बाईचा. तीनपैकी एक शब्दसुद्धा जुळत नव्हता.

"हे कुणाचं आहे?" बाईने विचारलं.

"माझंच," देवयानी म्हणाली.

बाई सभ्यपणे हसली. चोर पकडला तरी सभ्यपणे हसायची या देशात पद्धत आहे. लग्नाचा दाखला पुण्याच्या कपाटात होता आणि कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. तो येईपर्यंत हाताशी काहीतरी असावं म्हणून देवयानी ट्रेच्या पट्ट्यावर उभी राहिली. दाखला आला तेव्हा ऑफिसातली जागा भरून गेली होती, आणि ती पट्ट्यावर उभीच राहिली. तिथल्या सुपरवायझरला 'देवयानी' म्हणता येईना. त्याने दुसऱ्याच दिवशी तिचं 'डेबी' करून टाकलं. ना तांदूळ, ना अंगठी, ना पेढे.

दोन हजार चारच्या सुमारास कॅन्टीनच्या बोर्डावर एक कागद लागला. ट्रेनिंग ऑफिसला कॉम्प्युटर येणारं माणूस हवं होतं. काही महिने काम बघणार, जमलं तर कायम, नाही जमलं तर जिथून आलात तिथे परत. देवयानीने डबा खाता खाता तो कागद वाचला आणि डबा अर्धा टाकून वर गेली.

ट्रेनिंग ऑफिस म्हणजे एक मोठी खिडकी, भिंतभर फाइली आणि त्यांच्यामध्ये मॉरीन. मॉरीन आयरिश आईबापांची, हाउन्सलोतच वाढलेली, गोल चेहऱ्याची आणि स्पष्ट तोंडाची बाई होती. तिने देवयानीला सर्टिफिकेट मागितलं नाही. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हा माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशी बोलला तर खुर्ची तुझी."

त्या खोलीत रेडिएटर होता. देवयानी पहिल्या दिवशी त्याला पाठ लावून बसली, आणि संध्याकाळी तिची बोटं सरळ झाली. इथून आपण परत खाली जायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं. ती फारशी हट्टी नव्हती. पण माणसाला एखाद्याच गोष्टीचा हट्ट असला की तो भलताच पक्का असतो.

कॉम्प्युटरला बोलतं करायला मुंबईचा यतीन आला होता. तो कंत्राटावर फिरणारा सॉफ्टवेअरवाला, कानाला सतत फोन, आणि बोलण्यात मराठी तोंडी लावण्यापुरती. कंपनीत शेकडो कामगार, आणि प्रत्येकाची दहा प्रकारची ट्रेनिंग. ही सगळी फाइलींतली माहिती त्याने एका डेटाबेसमध्ये, एकाच लांबलचक तक्त्यात आणली. त्या तक्त्याला तो टेबल म्हणे.

"सिम्पल आहे गं," त्याने देवयानीला सांगितलं. "एक माणूस, एक ट्रेनिंग, एक रो, म्हणजे एक ओळ. त्याच माणसाचं दुसरं ट्रेनिंग झालं की दुसरी रो. स्टाफ नंबर तोच, बाकी सगळं वेगळं. मग तू क्वेरी लिहायची, म्हणजे प्रश्न विचारायचा. अमुक ट्रेनिंग कुणाकुणाचं झालंय? की आली लिस्ट."

देवयानीला हे मनापासून आवडलं. कॉलेज सुटल्यापासून तिच्या डोक्याला कुणी असं काम दिलं नव्हतं. हाउन्सलोच्या लायब्ररीतून तिने उशीएवढं जाड पुस्तक आणलं आणि बसमध्ये मांडीवर ठेवून वाचलं. आगीचं ट्रेनिंग कुणाचं संपत आलंय, हात धुण्याचं कुणाचं राहिलंय, मॉरीनने विचारायचा अवकाश, उत्तर तयार. मॉरीन तिला 'डेबी, लव्ह' म्हणू लागली, आणि येईल त्याला सांगू लागली की हिला काहीही विचारा. यतीनचं कंत्राट संपलं, तो बर्मिंगहॅमला गेला. जाताना म्हणाला, "आता तुला माझी गरज नाही." देवयानीलाही तसंच वाटत होतं. तिथेच तर घोडं पेंड खाणार होतं.

झालं असं की विमानतळावर नवा नियम आला. जेवणाचा ट्रक साधा नसतो. त्याची अख्खी पेटी वर उचलून विमानाच्या दाराला लावावी लागते. त्याला तिथे हाय-लोडर म्हणतात. आता येत्या सोमवारपासून हा हाय-लोडर न्यायचा तर ड्रायव्हरकडे तीन गोष्टी हव्या होत्या. विमानांच्या बाजूला गाडी चालवायचा परवाना, हाय-लोडरचं ट्रेनिंग आणि अन्नाच्या स्वच्छतेचं ट्रेनिंग. तिन्ही एकाच माणसाकडे, आणि तिन्ही मुदतीत. फाटकावर तपासणी होणार होती. एक जरी कमी पडलं तर ट्रक परत, आणि विमान उपाशी.

ट्रक खात्याचा प्रमुख टेरी स्वतः वर आला. मोठ्या अंगाचा, तांबड्या मानेचा, कुणावरच फारसा विश्वास नसलेला माणूस. "कोण कोण चालतील त्यांची नावं हवीत," तो म्हणाला.

"जेवणाच्या सुट्टीआधी देते," देवयानी म्हणाली. कुणी विचारलं नसताना वेळ सांगून टाकणं, यालाच आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

तिने क्वेरी लिहिली. ज्या रोमध्ये ट्रेनिंग म्हणजे परवाना, आणि ट्रेनिंग म्हणजे हाय-लोडर, आणि ट्रेनिंग म्हणजे स्वच्छता, त्या सगळ्या रो दे. बटण दाबलं. उत्तर आलं, एकही नाही.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. पण गेले कित्येक आठवडे कॉम्प्युटरने तिला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. तिने गंभीर चेहऱ्याने टेरीला ईमेल केली की नव्या नियमात बसणारा एकही ड्रायव्हर आपल्याकडे नाही. मॉरीनलाही प्रत धाडली, आणि ऐटीत डबा उघडला.

टेरी जिना चढत आला तो आवाज आधी आला, मग तो. त्याने देवयानीला सरळ खिडकीपाशी नेलं. खाली हाय-लोडर एकामागून एक फाटकातून बाहेर पडत होते. "हे कोण चालवतंय?" त्याने विचारलं. "भुतं?"

देवयानी डबा तसाच टाकून कॉम्प्युटरकडे वळली. तिने पुन्हा क्वेरी पाहिली तेव्हा चूक कळली. एका रोमध्ये एकच ट्रेनिंग असतं. तीच एक रो परवान्याचीही, हाय-लोडरचीही आणि स्वच्छतेचीही कशी असेल? एकाच घासात पोळी, वरण आणि लाडू शोधण्यासारखं होतं ते.

मग तिने 'आणि'च्या जागी 'किंवा' घातलं. या खेपेला नावांचा पूर आला. ती लिस्ट पाठवायला तिचा हात बटणावर गेलासुद्धा होता. पण एकदा दुधाने तोंड पोळलेलं, म्हणून तिने सहज नावं वाचायला घेतली. त्यात डी. लेले असं एक नाव होतं. स्वच्छतेचं ट्रेनिंग तिचं झालंच होतं, ट्रे लावणाऱ्या सगळ्याच बायकांचं झालं होतं. या लिस्टीच्या हिशेबाने सोमवारी सकाळी देवयानी लेले हाय-लोडर घेऊन जंबो विमानाला भिडणार होती. तिला सायकलसुद्धा धड येत नव्हती.

शुक्रवार आला तरी लिस्ट नव्हती. फाइलींतून हाताने शोधायचं म्हटलं तर त्या यतीनच्या कामासाठी उसकटलेल्या, निम्म्या खोक्यांत, निम्म्या जमिनीवर. टेरी म्हणू लागला की बाहेरून माणूस बोलवा. मॉरीनने खोलीचं दार लावलं आणि देवयानीच्या शेजारी खुर्ची ओढली.

"डेबी, लव्ह," ती म्हणाली, "सोमवारी सकाळी लिस्ट आली तर ठीक. नाहीतर टेरी बाहेरचा माणूस आणणार. तो आला की ही खुर्ची त्याची. मग तुला खाली पाठवायचं मलाच सांगावं लागेल, आणि मला ते मुळीच आवडणार नाही."

देवयानीने मान हलवली. तिची पाठ रेडिएटरला होती, तरी हात गार पडले होते.

तिने बर्मिंगहॅमला यतीनला फोन लावला. तो ट्रेनमध्ये होता. अर्धं बोलणं गडगडाटात गेलं.

"अगं, टेबल स्वतःलाच जॉइन कर," तो ओरडला. "सेल्फ जॉइन. तेच टेबल पुन्हा घे, वेगळं नाव देऊन—" आणि बोगदा आला. नंतर त्याचा फोन लागेचना.

टेबल स्वतःलाच जोडायचं? देवयानीने जाड पुस्तकात ते पान शोधलं. तिथे कुठल्याशा कंपनीतल्या साहेबांची आणि हाताखालच्या माणसांची आकृती होती. ती तिने पुन्हा पुन्हा वाचली. दोन वस्तू एकमेकींना जोडता येतात. एकच वस्तू तिची तिलाच कशी जोडणार? शनिवारभर तिने भाजीत मीठ दोनदा घातलं आणि आमटीत घातलंच नाही. गिरीशने दोन्ही कालवून मुकाट्याने खाल्लं.

रविवारी दुपारी साताऱ्याहून नंदूदादाचा फोन आला. नंदूदादा म्हणजे देवयानीचा थोरला भाऊ. गिरीश शर्टांना इस्त्री करत होता, म्हणून त्याने स्पीकर लावला. ते दोघं बोलायला लागले की देवयानीला मध्ये शिरायला जागाच नसे. ती सोफ्यावर पुस्तक घेऊन बसली होती.

"परवा ही एकटी ट्रेनने केंब्रिजला जाऊन आली," गिरीश सांगत होता. "मैत्रिणीकडे डोहाळजेवण होतं. दोन ट्रेन बदलल्या."

"उल्की?" नंदूदादा हसला. "काय सांगताय. पोवई नाक्यावर रस्ता ओलांडताना माझ्या शर्टाचं टोक धरायची ती."

"ती तुमची उल्की असेल. आमची देवयानी नव्हे."

"आणि तुमच्या देवयानीला गणित येतं का हो? आमच्या उल्कीचे पेपर कॉलेजात दुसऱ्या वर्गांना वाचून दाखवायचे."

"गणिताचं माहीत नाही. काल आमटीत मीठ शून्य होतं."

दोघंही खळखळून हसले. देवयानी हसली नाही. ती एकदम सरळ बसली.

नंदूदादाला फक्त उल्का ठाऊक होती आणि गिरीशला फक्त देवयानी. उद्या कुणी साताऱ्यात जाऊन विचारलं, की संख्याशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली आणि एकटी केंब्रिजला जाणारी बाई आहे का, तर सातारा म्हणेल, नाही. हाउन्सलोत विचारलं तरी लोक म्हणतील, नाही. कुठल्याच एका जागी ती पुरी सापडायची नाही. साताऱ्यातून उल्का घ्यावी, हाउन्सलोतून देवयानी घ्यावी, दोघींना शेजारी शेजारी उभं करावं आणि मग बघावं, की माणूस एकच आहे ना. एकच असेल तर सापडली. तीच बाई, दोनदा बोलावलेली, दोन नावांनी. टेबलातल्या रोचंही तेच होतं, एकेका रोला ड्रायव्हरचं एकेकच ट्रेनिंग ठाऊक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. जी गोष्ट लग्नापासून तिच्या मानेवर बसली होती, तीच ती पुस्तकात शोधत होती.

"अहो," ती उठत म्हणाली, "मी ऑफिसला जाऊन येते."

"आज रविवार आहे."

"विमानं रविवारी जेवत नाहीत का?"

"उल्के, माझ्याशी बोलली नाहीस," फोनमधून नंदूदादा म्हणाला.

"दादा, तूच तर सगळं बोललास," ती म्हणाली, आणि कोट चढवत जिना उतरली.

बस मिळाली. स्वयंपाकघर नेहमीसारखं गजबजलेलं होतं, वरचं ऑफिस मात्र रिकामं. तिने दिवा लावला, मशीन सुरू केलं आणि तेच ट्रेनिंगचं टेबल एकदा घेतलं. त्याला नाव द्यायचं होतं. पुस्तकात ए, बी अशी नावं होती. तिने क्षणभर विचार केला आणि 'उल्का' असं नाव दिलं. कितीतरी वर्षांनी ते नाव तिच्याच हाताने लिहिलं जात होतं, आणि तिला उगाचच भरून आलं. मग तेच टेबल पुन्हा घेतलं आणि त्याला 'देवयानी' म्हटलं. उल्काच्या रोमध्ये परवाना हवा. देवयानीच्या रोमध्ये हाय-लोडर हवा. तिसरी स्वच्छता राहिली. तिसरं नाव कुठलं? तेही होतंच की. ज्या थंड खोलीत तिने ते ट्रेनिंग घेतलं, तिथे तिला सगळे 'डेबी' म्हणायचे. तेच टेबल तिसऱ्यांदा आलं आणि त्याचं नाव डेबी झालं.

मग गाठ मारली. उल्काचा स्टाफ नंबर आणि देवयानीचा स्टाफ नंबर एकच हवा. देवयानीचा आणि डेबीचाही एकच हवा. वर प्रत्येकीची मुदत सोमवारच्या पुढची हवी. एकीची संपली असेल तर बाकी दोघी असून उपयोग नाही. तिने बटण दाबलं.

नावं आली. पूर नाही आणि शून्यही नाही, एका पानात बसतील इतकी शहाणी लिस्ट. त्यात डी. लेले नव्हती. ते पाहून आधी देवयानीचा जीव भांड्यात पडला.

पण यावेळी ती बटणावर विसंबली नाही. खोक्यांतून हाताला येतील त्या फाइली उपसून, जमिनीवर मांडी घालून, तिने लिस्टीतल्या एकेका ड्रायव्हरचे तीन तीन कागद ताडून पाहिले. लिस्टीत नसलेलेही काही पाहिले. कुणाचा परवाना होता पण स्वच्छता नव्हती, कुणाचं सगळं होतं पण हाय-लोडरची मुदत उलटलेली. एकही नाव चुकीचं निघालं नाही. त्या रिकाम्या ऑफिसात देवयानीने स्वतःशीच जोरात टाळी वाजवली, आणि कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून दाराकडे पाहिलं.

सोमवारी सकाळी टेरीने लिस्ट वाचली आणि त्याची मान आणखी तांबडी झाली. "पुन्हा चुकलीस," तो म्हणाला. "ग्रॅहम नाही यात. माझा सगळ्यांत जुना ड्रायव्हर. तू जन्मायच्या आधीपासून तो ट्रक चालवतोय."

मॉरीनने देवयानीकडे पाहिलं. गेल्या आठवड्यातली देवयानी असती तर तिने लगेच माफी मागितली असती. "ग्रॅहमचा परवाना आहे," ती म्हणाली. "हाय-लोडरचं ट्रेनिंग आहे. स्वच्छतेची मुदत मागच्या महिन्यात संपली. त्याला विचारा."

टेरीने तिथूनच फोन लावला. पलीकडून बराच वेळ काहीतरी सांगणं चाललं होतं. टेरी नुसता 'हं' म्हणत होता, आणि प्रत्येक 'हं' आधीच्यापेक्षा हळू होता. फोन ठेवून त्याने खिशातून पेन काढलं. "आज दुपारी स्वच्छतेचा वर्ग आहे का?" त्याने मॉरीनला विचारलं. "एक माणूस पाठवतो."

मग तिघंही खिडकीशी उभी राहिली. फाटकावर तपासणीवाले आले होते. पहिला हाय-लोडर थांबला. ड्रायव्हरने तीन कार्डं बाहेर काढून दिली. तपासणीवाल्याने ती एकेक करून उलटसुलट पाहिली, लिस्टीवर बोट फिरवलं आणि हात हलवला. ट्रक सुटला. दुसरा थांबला, सुटला. तिसरा थांबला, सुटला. कुंपणापलीकडच्या दुसऱ्या एका कंपनीचे ट्रक माघारी वळताना दिसत होते. यांचा एकही वळला नाही. शेवटचा ट्रक गेला तेव्हा टेरीने काचेवर थाप मारली आणि पलीकडच्या ट्रकांकडे बघून मनसोक्त हसला. जाताना तो दारात थांबला.

"भुतांचं मनावर घेऊ नकोस," तो म्हणाला.

"घेतलं होतं," देवयानी म्हणाली. "म्हणून तर जमलं."

खुर्ची तिची झाली. कायमच्या नोकरीची कागदपत्रं करायला खालच्या ऑफिसातली तीच सभ्य बाई आली, तेव्हा देवयानीने न मागता डिग्रीचं सर्टिफिकेट पुढे केलं, त्यावर लग्नाचा दाखला ठेवला आणि म्हणाली, "दोन्ही नावं लिहा. दोन्ही माझी आहेत." बाईने दोन्ही लिहिली. त्या संध्याकाळी देवयानीने साताऱ्याला फोन करून नंदूदादाला सांगितलं की तुझ्या उल्कीला नोकरी लागली. घरी मग तिने कढत कढत आमटी केली. मीठ अगदी बेताचं होतं, आणि गिरीशने ते मोठ्याने कबूल केलं.

पुढे पाचवं टर्मिनल उघडलं, कंपनी वाढली, ट्रक वाढले, नियमही वाढले. त्या क्वेरीला चौथी अट लागली, पाचवी लागली. देवयानीच्या हाताखाली माणसं आली. ती त्यांना शिकवायची तेव्हा जाड पुस्तक उघडायची नाही. आधी आपलं लग्न सांगायची, तांदळाच्या ताटासकट. गोऱ्या पोरी हसत हसत ऐकायच्या आणि सेल्फ जॉइन जन्मात विसरायच्या नाहीत.

यतीन एकदा नवा सर्व्हर बसवायला परत आला. केस थोडे विरळ झाले होते, फोन मात्र तसाच कानाला. जुन्या क्वेऱ्या नव्या मशीनवर हलवताना तो मध्येच थांबला आणि त्याने चक्क फोन बंद करून खिशात टाकला.

"देवयानी, ही तुझी हाय-लोडरवाली क्वेरी सॉलिड आहे. इतकी वर्षं कुणी हात नाही लावला. पण टेबलांना ही काय नावं दिलीयेत? देवयानी कळलं. उल्का कोण?"

"मी."

"आणि डेबी?"

"तीही मीच."

यतीन खुर्ची वळवून तिच्याकडे बघत राहिला. "तिघी?"

देवयानी रेडिएटरला पाठ लावून उभी होती. तिने हातातला चहाचा कप टेबलावर ठेवला आणि पडद्यावर, गाठ मारली होती त्या ओळीवर, बोट ठेवलं.

"खोटं वाटत असेल तर स्टाफ नंबर जुळवून बघ," ती म्हणाली.